जी डिव्हिजनमधून वर येताना

नोंदणीच्या फॉर्मवर फोटो चिकटवून झाला होता. फक्त आमच्या गोलंदाज पोराची सही राहिली होती. मी पेन पुढे केलं तर तो म्हणाला, "दादा, सही दोन दिवसांनी केली तर चालेल?" जूनचा पहिला पाऊस चाळीच्या पत्र्यावर वाजत होता. मी "चालेल" म्हणालो आणि पोटात गोळा आला. मैदानावर वीस वर्षं काढल्यावर या वाक्याचा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही. वरच्या डिव्हिजनचा कुठला तरी क्लब त्याच्यापर्यंत पोचला होता.

आमचा क्रिकेट क्लब गिरगावातला. वडिलांच्या पिढीतल्या काही नोकरदार मंडळींनी वर्गणी काढून उभा केलेला. स्वतःचं पिच नाही, मैदानावर स्वतःचा तंबू नाही. किटबॅगा माझ्या पलंगाखाली, हेल्मेटं माळ्यावर, स्कोअरबुकं काकांकडे. हे काका आमचे स्कोअरर, वय सत्तरच्या पुढे. कर्णधार मी आणि सेक्रेटरीही मीच. कांगात आम्ही जी डिव्हिजनला खेळत होतो. त्याच्या खाली डिव्हिजन नाही.

मुंबईबाहेरच्यांना कांगा म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. डॉ. एच. डी. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली. भर पावसाळ्यात, रविवारी, न झाकलेल्या विकेटवर खेळायची लीग. ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन, प्रत्येकीत १४ संघ. सामना एकाच दिवसाचा, पण दोन्ही संघांचे दोन-दोन डाव होऊ शकतात, आणि विकेट भिजलेली असली की होतातही. पहिल्या डावाच्या आघाडीला गुण, आउटराइट, म्हणजे दोन्ही डाव मिळून जिंकलात तर जास्त. माटुंग्याच्या दडकर मैदानावरची दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. एका बाजूला गावसकर, दुसऱ्या बाजूला वाडेकर, आणि कसोटी खेळून आलेली ही माणसं रविवारी सकाळी चिखलात उभी. सचिन तेंडुलकर अगदी लहान असताना जॉन ब्राइटकडून हीच लीग खेळला. मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला त्यामागे पावसातल्या या रविवारांचा मोठा वाटा आहे असं मी मनापासून मानतो. थांबून येणारा आणि मधूनच छातीवर उसळणारा चेंडू ज्याने सोळाव्या वर्षी खेळून काढला, त्याला पुढे कुठलीही विकेट घाबरवत नाही.

पण मैदानावर पोराला घेऊन आलेला बाप हे काही विचारत नाही. तो एकच विचारतो, "कुठल्या डिव्हिजनला खेळता?" "जी" म्हटलं की पुढचं बोलणं नीट ऐकतही नाही. वर जायची आमची धडपड एवढ्यासाठीच होती. ढाल-करंडकाचं आकर्षण वेगळं, पण खाली राहिलेल्या क्लबाकडे पोरं येत नाहीत, आलेली टिकत नाहीत, आणि पोरं नसली की वर जाता येत नाही. या फेऱ्यात आम्ही कित्येक वर्षं अडकलो होतो.

आता त्या पोराविषयी. एकोणीस वर्षांचा, डावखुरा, मध्यमगती, नालासोपाऱ्याहून यायचा. टेनिस बॉल क्रिकेटच्या एका स्पर्धेत मी त्याला पाहिलं आणि लेदर बॉल हातात दिला. शिवण कशी धरायची, ओला चेंडू टॉवेलने कसा कोरडा ठेवायचा, पाय कुठे पडला की घसरत नाही, हे सगळं तो आमच्याकडे शिकला. आदल्या मोसमात आम्ही जे काही सामने जिंकलो त्यातले बहुतेक त्याने जिंकून दिले होते. एका मोसमात एकाच क्लबाकडून खेळता येतं. म्हणजे सही कुठे करायची, हा त्याच्यासाठी वर्षाचा प्रश्न होता.

दोन दिवसांनी तो आला आणि सगळं सांगून टाकलं. बी डिव्हिजनचा क्लब. आठवड्यातून तीन दिवस नेट, पगारी प्रशिक्षक, दोन जोड बूट, येण्याजाण्याचा खर्च. शिवाय ए आणि बी डिव्हिजनचे सामने निवड समितीतली माणसं बघतात, असं त्याला सांगण्यात आलं होतं. आमच्याकडे शनिवारी सकाळी एक नेट, तेही दुसऱ्या क्लबाच्या मेहेरबानीने. त्याच्यासमोर मी म्हणालो, "जा. जायलाच हवं." तो गेल्यावर मात्र मी त्या क्लबाच्या माणसाला फोन केला आणि नको तितकं बोललो. आमच्याशी एक शब्द न बोलता ते थेट पोराच्या घरी गेले होते, बापाला भेटले होते. तीन वर्षं आम्ही घडवायचं आणि यांनी फॉर्म भरायच्या आठवड्यात उचलून न्यायचं, ही रीत मला तेव्हा मान्य नव्हती, आजही नाही. पोराचा दोष नव्हता. त्याच्या जागी मीही गेलो असतो.

त्याच्या जागी आम्ही मास्तरांना परत बोलावलं. महापालिकेच्या शाळेत शिक्षक, वय एक्केचाळीस, दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे खेळणं सोडलेलं. वेग नाही, स्विंग जेमतेम. पण कांगाच्या विकेटवर टप्पा कुठे ठेवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ओल्या विकेटवर गोलंदाजाने काही करायचं नसतं, असं ते पोरांना सांगायचे. चांगल्या टप्प्यावर सहा चेंडू टाका, उरलेलं विकेट करते. मोह होतो तो फलंदाजाला फसवण्याचा, आणि मग एक आखूड चेंडू पडतो.

पहिले दोन रविवार पावसात गेले. त्यातल्या दुसऱ्या रविवारी तर मैदानावर पोचून, पाण्यात उभ्या असलेल्या विकेटकडे बघून, चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या रविवारी खेळ झाला. आम्ही ५८ सर्वबाद. कांगात ५८ ही काही लाजेची धावसंख्या नाही. आउटफिल्डवर गवत घोट्याच्या वर असतं, खाली चिखल. सुंदर कव्हर ड्राइव्ह मारला की चेंडू तीस यार्डांवर जाऊन बसतो. धावा हव्यात तर उचलून मारावं लागतं, आणि उचलून मारायला तर सगळे टपलेलेच असतात. त्यांना आम्ही ४१ मध्ये गुंडाळलं. मास्तरांनी पाच बळी घेतले आणि संध्याकाळी गुडघ्याला बर्फ लावत तंबूच्या दोरीला टेकून बसले. तंबू आमचा नव्हता, ज्यांचा होता त्यांनी हाकललं नाही एवढंच.

खरी परीक्षा शनिवारी रात्री असायची. अकरा माणसं जमवणं. एकाची सेकंड शिफ्ट, एकाच्या बहिणीला पाहायला यायचे असायचे, एकाचा ताप. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल बंद. आमच्या संघात डोंबिवलीचे दोघे होते, कळव्याचा एक, विरार बाजूचे तीन. ऑगस्टमधल्या एका रविवारी मध्य रेल्वेचा ब्लॉक आणि वर पाणी भरलेलं. सामना सुरू व्हायच्या वेळी आम्ही आठ जण होतो. नाणेफेक हरलो आणि क्षेत्ररक्षण आलं. आठ जणांत आझाद मैदानावर उभं राहणं म्हणजे काय ते तिथे खेळलेल्यालाच कळेल. तिथे २२ पिचेस आहेत, एकमेकांत घुसलेली. तुमच्या मिडविकेटच्या पाठीमागे दुसऱ्या सामन्याचा पॉइंट उभा असतो, आणि "बॉल!" अशी आरोळी आली की कुठल्या सामन्याचा हे न विचारता डोकं वाचवायचं असतं. त्या दिवशी डोंबिवलीचे दोघे रुळांतून चालत, मग बस, मग टॅक्सी करून बाराच्या सुमारास पोचले. किटबॅग खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. एक जण बॅगही न उघडता थेट स्लिपमध्ये येऊन उभा राहिला आणि तिसऱ्या चेंडूला त्याने झेल घेतला. तो सामना आम्ही आघाडीवर घेतला. टॅक्सीचे पैसे क्लबाने दिले. क्लबाने म्हणजे सगळ्यांनी मिळून.

ऑगस्ट संपता संपता आम्ही पहिल्या तिघांत होतो. आणि आमच्याबरोबर पलीकडच्या वाडीतला क्लबही. दोन गल्ल्या सोडून. त्यांचा कर्णधार माझ्या शाळेतला, एका बाकावर बसलेला. त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे, आमच्या पोरांच्या वह्या तिथूनच येतात. पण त्या महिन्यात मी दुकानावरून जाताना फुटपाथ बदलत होतो. सोमवारी गुणतक्ता कळला की दोन्ही वाड्यांत हिशेब सुरू व्हायचे. त्यांचा पुढचा सामना कुणाशी, पाऊस आला तर कुणाचा फायदा, त्यांची सरासरी किती. देवळाबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं.

याच दिवसांत आमच्याकडे ती गोष्ट निघाली. सांगायला जड जातं, पण ती गाळून हे अनुभवकथन खरं होणार नाही. एका महत्त्वाच्या सामन्याआधी आमचा सलामीचा फलंदाज आजारी पडला. संघातल्या एकाने त्याच्या ओळखीचा मुलगा आणायचं सुचवलं. वरच्या डिव्हिजनचा, उत्तम खेळणारा, त्या रविवारी मोकळा. आजारी माणसाच्या नावावर खेळेल, पंच कुठे फोटो ताडून बघतात, सगळे करतात. मैदानावर याला बोगस खेळवणं म्हणतात. तंबूच्या कडेला उभं राहून अर्धा तास वाद झाला. तिघे बाजूने, चौघे गप्प. गप्प बसलेल्यांचाच मला जास्त राग आला. मी नाही म्हणालो. म्हणालो, ज्याने रुळांतून चालत येऊन झेल घेतला त्याच्याबरोबर नाव खोटं करून उभा राहणारा माणूस मी मैदानावर उतरवणार नाही. दहा जणांत खेळलो आणि सहा धावांनी आघाडी गेली. त्या तिघांतले दोघे पुढचे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी बरोबर होतो याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. पण रात्री झोप लागत नव्हती, कारण ते गुण परत येणार नव्हते.

शेवटचा सामना आझाद मैदानावर पलीकडच्या वाडीशीच पडला. वर जायला आम्हाला पहिल्या डावाची आघाडी हवी, त्यांनाही तीच. सकाळी ऊन होतं. आमची फलंदाजी आली. ऊन पडलेली ओली विकेट सर्वांत वाईट, वरून सुकते आणि आत ओल राहते, चेंडू कधी थांबतो कधी उडतो. मी बावीस केले, दोन षटकारांचे बारा आणि उरलेले दहा पळून. सर्वबाद ७३. जेवणानंतर ते ५२ ला ७ झाले आणि तीनच्या सुमारास महापालिकेच्या इमारतीमागून काळं आभाळ आलं.

पाऊण तास कोसळलं. थांबलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या रनअपमध्ये डबकी होती. पंच येऊन बघून गेले, सव्वाचारला पुन्हा बघू म्हणाले. माळी भुशाचं पोतं घेऊन आला. आमची पोरं बादल्या आणि फडकी घेऊन धावली. आणि त्यांच्यात मला तो दिसला. आमचा डावखुरा. त्याचा सामना क्रॉस मैदानावर होता, तिथे पाणी साचून खेळ रद्द झाला होता. पांढऱ्या कपड्यांतच रस्ता ओलांडून आला होता. माझ्याशी बोलला नाही. पोत्यातला भुसा मुठीने घेऊन मास्तरांचा पाय जिथे पडतो नेमकी ती जागा भरत होता. ती जागा त्याला माहीत होती, दोन वर्षं त्याने त्याच टोकाने टाकलं होतं.

पावणेपाचला खेळ सुरू झाला. मी नऊ जण फलंदाजाभोवती उभे केले. चेंडू साबणासारखा झाला होता. मास्तर दर चेंडूआधी टॉवेलला हात पुसत होते आणि जिमखान्याच्या टोकाकडून संथ पावलांनी येत होते. ५९ वर आठवा गेला, शॉर्ट लेगला झेल. ६४ वर नववा, पायचीत. मग त्यांच्या शेवटच्या जोडीने जीव तोडून खेळायला सुरुवात केली. अकरावा फलंदाज म्हणजे त्यांचा कर्णधार, माझा शाळासोबती, दुखऱ्या पाठीमुळे शेवटी आलेला. त्याने एक चेंडू माझ्या डोक्यावरून उचलून मारला, तो गवतात रुतला आणि सापडेपर्यंत तीन धावा झाल्या. ६७. नंतर चोरटे, एक-एक. ७१. तीन हव्या होत्या.

मास्तरांनी तोच टप्पा ठेवला. माझ्या मित्राने चेंडू मिडऑनकडे ढकलला आणि दुसरी धाव घ्यायला वळला. कोरड्या मैदानात दोन धावा नक्की होत्या. पण चेंडू दहा पावलांवर गवतातच थांबला होता. आमच्या कळव्याच्या पोराने उचलला आणि विकेटकीपरच्या हातात दिला, त्याने बेल्स उडवल्या. माझा मित्र परत येताना घसरला तो पालथाच पडला, बॅट पुढे ताणलेली, क्रीजपासून वीतभर लांब. एक धाव पूर्ण झाली होती. ७२. आम्ही एका धावेने पुढे.

आरडाओरडा झाला, पोरं चिखलात लोळली. मी आधी त्याला उठवायला गेलो. त्याची पाठ धरली होती. तो काही बोलला नाही, माझा हात धरून उठला आणि पंचांच्या कागदावर माझ्याआधी सही केली. गिरगावात परतायला टेम्पो एकच मिळाला, म्हणून दोन्ही क्लबांच्या किटबॅगा एकावर एक रचून नेल्या. त्याच्या बॅगा आधी उतरवल्या, आमच्या नंतर.

आम्ही एफ डिव्हिजनला गेलो. घरी आठ दिवस गॅलरीतल्या दोरीवर पॅड वाळत होती आणि बायको दार लावून घेत होती, इतका वास. मास्तरांनी पुढच्या वर्षी येणार नाही असं सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दाखवला होता.

ऑक्टोबरात त्या पोराचा फोन आला. बी डिव्हिजनच्या क्लबाने त्याला सगळ्या मोसमात दोन सामने खेळवलं होतं. बाकीचे रविवार राखीव म्हणून बसून. निवड समितीतलं कुणी त्याने पाहिलं नव्हतं. पण नेटमध्ये खूप शिकलो म्हणाला, आता चेंडू बाहेरही काढता येतो. थोडा वेळ दोघेही गप्प होतो. "परत येऊ का?" असं तो विचारत नव्हता, आणि "ये" असं मी म्हणत नव्हतो. एफ डिव्हिजनला आम्हाला गोलंदाज लागणारच होता. माझ्या जिभेवर ते आलं होतं. पण तीन दिवसांचं नेट आजही आमच्याकडे नाही.

"फॉर्म जूनमध्ये भरायचे असतात," मी म्हणालो. "तोवर घाई करू नकोस, त्यांच्याशीही नीट बोल. शनिवारी साडेसहाला आपलं नेट आहे. मास्तर पोरांना टप्पा शिकवायला येणार आहेत. यायचं असेल तर ये, बूट घेऊन ये."